बारा मे दोन हजार पाचचा चष्मा

देवळाबाहेरचा चपलांचा स्टँड ज्याला कळतो, त्याला माझे काम कळण्यास अडचण पडू नये. आपण चपला देतो, तिथला माणूस आपल्या हातावर पत्र्याचा बिल्ला ठेवतो आणि त्याच क्रमांकाच्या खणात चपला सरकवतो. त्या कोल्हापुरी आहेत की रबरी, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. बिल्ला दाखवा, चपला घ्या. संगणकात माहिती साठवण्याची अशीच एक पद्धत आहे. बिल्ल्याला तिथे किल्ली म्हणतात आणि खणातल्या वस्तूला मूल्य. किल्ली दिली की मूल्य तत्काळ हाती येते. मात्र 'सगळ्या कोल्हापुरी चपला एकदम दाखवा' असे म्हटले, तर स्टँडवाला नुसता तुमच्याकडे पाहत राहतो.

दुसरी पद्धत स्प्रेडशीटची. ती शाळेच्या हजेरीपटासारखी असते: आडव्या ओळी, उभे रकाने, सगळे एका नजरेत. खणांतल्या चपला काढून पटावर ओळीने मांडायच्या, पटावर कोणी दुरुस्ती केली की त्या पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात ठेवायच्या, आणि हे सारे हाताने न करता त्यासाठी प्रोग्रॅम लिहायचा, एवढेच मी नोकरीत केले. यावर लेख होऊ शकेल असे मला वाटत नव्हते. संपादकांना तसे मी कळवलेही होते. पण त्यांनी फोन केला, आणि फोनवर नाही म्हणणे मला कधीच जमले नाही.

माझे शिक्षण संस्कृतचे. एम. ए. झाले, पहिला वर्ग मिळाला, लग्न होऊन शहापूरला आले आणि पुढची कित्येक वर्षे त्या पदवीचा उपयोग मुलांच्या स्तोत्रपाठांतरापलीकडे झाला नाही. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी गावातील एका नेत्रसेवा संस्थेत पत्रव्यवहार टंकित करण्याचे काम मिळाले. संस्था डोंगरपट्ट्यात डोळ्यांची शिबिरे घेई. एका इंजिनियरने तिथे रुग्णांच्या नोंदींसाठी किल्ली-मूल्याचे कोठार करून दिले होते. त्याला पुण्यात नोकरी लागली. तो गेला आणि कोठार राहिले. संस्थेचे डॉक्टरसाहेब माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "वहिनी, तुम्हांला पाणिनी येतो ना? मग हेही येईल."

येणार नाही, असे मला ठामपणे सांगायचे होते. पण ठामपणे बोलण्यापेक्षा शिकणे मला सोपे वाटले. इंजिनियरने ठेवलेले जाड इंग्रजी पुस्तक मी घरी नेले आणि कणीक मळून झाली की रोज थोडे वाचले. आधी सर्वसाधारण नियम सांगायचा आणि मग त्याचा अपवाद, ही रीत मला अपरिचित नव्हती. माझा पहिला प्रोग्रॅम चालला तेव्हा पडद्यावर फक्त एका रुग्णाचे नाव उमटले. मी इकडेतिकडे पाहिले. कोणी पाहिले नव्हते, याचे बरे वाटले.

पहिला धडा वाशिंदच्या एका गुरुजींनी दिला. शाळेतील मुलांच्या तपासणीची यादी त्यांनी स्प्रेडशीटमध्ये स्वतः भरून पाठवली होती. गावाच्या रकान्यात पहिल्या ओळीत 'वाशिंद' आणि त्याखाली शेवटपर्यंत दोन-दोन टिंबे, म्हणजे वरीलप्रमाणे. मी यादी कोठारात भरली आणि प्रत्येक मुलाच्या खणात गावाच्या जागी दोन टिंबे जाऊन बसली. गुरुजींना कळवले, तर ते रागावले. "बाई, तीस वर्षं आम्ही असंच लिहितोय. वर बघायचं की."

"गुरुजी, खणात वर काही नसतं," मी म्हटले.

हे उत्तर त्यांना पटले नाही, पण मला बरेच दिवस पुरले. पटावर प्रत्येकाला शेजार असतो. खणात प्रत्येक जण एकटा असतो आणि त्याला स्वतःची ओळख पुरती स्वतःपाशी ठेवावी लागते. माणसे एकीकडून दुसरीकडे नेताना नेमके काय सांडते, ते पाहत राहणे म्हणजे हा धंदा.

आता मुरबाडकडची गोष्ट. साल दोन हजार दोन. थंडीत आम्ही त्या डोंगरातील बारा पाड्यांसाठी शिबिर घेतले, दोन आठवडी बाजारांच्या दिवशी. पाड्यांत एकाच नावाची माणसे पुष्कळ, म्हणून इंजिनियरने नावाऐवजी आकड्यांची किल्ली ठरवून दिलेली होती: आधी पाड्याचा क्रमांक, मग घराचा, मग घरातील माणसाचा. पाचव्या पाड्यातील बाराव्या घरातील पाचवे माणूस म्हणजे ५-१२-५. अशी सुटसुटीत किल्ली पाहून मला त्या इंजिनियरचे कौतुकच वाटे.

दोन दिवसांच्या दोन याद्या झाल्या. प्रोग्रॅमने कोठारातून दोन साध्या फाइली काढल्या. त्या फ्लॉपीवर घालून कल्याणच्या चष्मेवाल्या नवीनभाईंकडे पाठवायच्या, त्यांनी चष्मे करून प्रत्येक पुडीवर किल्लीची चिठ्ठी लावायची, आणि यमुनाने ते वाटायचे, अशी व्यवस्था होती. यमुना पाचव्या पाड्याचीच. संस्थेची त्या भागातली कार्यकर्ती, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आणि माझ्याहून पंधरापट बोलकी.

होळीच्या सुमारास एका सकाळी ती चष्म्यांचे पोते पाठुंगळी मारूनच कार्यालयात आली. पोते तिने माझ्या टेबलावर ठेवले.

"बाय, एक इचारू? या चष्म्यांना मुदत कुनी घातली?"

"कसली मुदत?"

तिने एक पुडी काढून दिली. चिठ्ठीवर किल्ली नव्हती. तारीख होती: ०३-०४-२००२. दुसरीवर ०६-०२-२००१. तिसरीवर ०८-०३-२००४.

"मला वाटलं, ज्याची जी तारीख त्या तारखेला त्याला द्यायचा. तुमचं काय तरी सरकारी असंल. मंग मी वाचून दाखवलं. ज्यांची पुढं हाये त्यांना सांगलं, तवा या. ज्यांची मागं गेली त्यांना सांगलं, बाद झाला."

मागे गेलेल्या तारखा बहुतेक घरांतल्या कर्त्या पुरुषांच्या होत्या, कारण घरात मोजणीला पहिला तो, आणि पहिला म्हणजे साल एक. "समदे बाप्ये बाद," यमुना म्हणाली. "बायका हसाया लागल्या. पन सोमाबाबा नाय हसला."

सोमाबाबा तिच्याच पाड्यातला म्हातारा. उन्हाळाभर बांबूच्या कामट्या काढून इरली विणायची, हे त्याचे काम. भर पावसात शेतात लावणीला उभ्या राहणाऱ्या त्या पट्ट्यातल्या बायांच्या पाठीवर त्याची इरली असत. दोन वर्षे त्याला जवळचे नीट दिसत नव्हते. कामटीऐवजी बोट कापले जाई. शिबिरात तो आला तेव्हा त्याच्या डाव्या हाताच्या तीन बोटांना चिंध्या होत्या, आणि चष्मा पावसाआधी मिळेल ना, एवढे एकच त्याने विचारले होते. मिळेल, असे डॉक्टरसाहेबांनी त्याला सांगितले होते. घर आता मुलाच्या नावावर, म्हणून मोजणीत मुलगा, सून, दोन नातवंडे आणि मग तो. स्वतःच्या घरात पाचवा.

"त्याची निघाली बारा मे दोन हजार पाच. मला म्हनतो, तीन सालं? इलायतेत घडवाया टाकलाय काय? आन् मंग म्हनतो, यमुने, पाच सालापावत मी ऱ्हातो का गो?" यमुनाने पोत्याची गाठ आवळली. "मी म्हनलं ऱ्हाल, तुमाला काय झालंय. पन बाय, खरं सांगा. हे काय हाये?"

मला ते पाहताक्षणी कळले होते. स्प्रेडशीटला एक खोड असते. दोन आडव्या रेघांनी जोडलेले तीन आकडे दिसले, की तिला ती तारीख वाटते, आणि कोणाला न विचारता ती त्यांची तारीख करून टाकते. ५-१२-२ लिहा, तिच्या दृष्टीने ते साल दोन हजार दोन. नावे चिठ्ठीवर असती तरी निभावले असते. पण आमचा मराठी टंक, म्हणजे फाँट, नवीनभाईंच्या संगणकात नव्हता, त्यामुळे नावांच्या जागी तिथे इंग्रजी अक्षरांची भरड दिसली आणि त्यांनी तो रकानाच काढून टाकला.

डॉक्टरसाहेबांनी ऐकले आणि कपाळ दाबले. "चुकीचा चष्मा एकालाही जाता कामा नये. एकाचं डोकं दुखलं की बारा पाडे पुढच्या शिबिराला येणार नाहीत. सगळे परत पाठवू. पुढच्या थंडीत पुन्हा तपासू."

यमुना म्हणाली, "पुढच्या थंडीत तुमाला मी एकलीच भेटंन तिथं. माज्यावर इस्वास ठेवून आलती लोकं."

मग माझाच आवाज मला ऐकू आला. "पुढच्या बाजारापर्यंत थांबा. मी लावून देते." डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी पोत्याकडे पाहत होते. "बरं," ते म्हणाले.

पहिला विचार सोपा होता: तारखेतले आकडे पुन्हा सुटे केले की किल्ली मिळेल. ०३-०४-२००२ म्हणजे ३-४-२, तिसरा पाडा, चौथे घर, दुसरे माणूस. मी कोठाराला ती किल्ली दिली. खणात दूरच्या नंबराची मुलगी निघाली, आणि पुडीतला चष्मा तपासनिसाने पाहिला, तर तो वाचायचा. दुसरी पुडी जुळली. तिसरी जुळली नाही. चौथी जुळली. निम्मे खरे आणि निम्मे खोटे, यापेक्षा सगळे खोटे निघाले असते तर परवडले असते.

दुसऱ्या दिवशी मी कल्याणला गेले. अनोळखी दुकानात शिरून चौकशी करणे ही माझ्या दृष्टीने मोहीमच होती. नवीनभाईंनी चहा मागवला आणि आधीच सांगून टाकले, "भाभी, आपण कायपण चेंज केला नाय. जसा आला तसा छापला. एक लिस्ट तुमची तयार होती, वर संस्थेचा नाव, ठळक अक्षर, एकदम मस्त. दुसरी साधी होती, ती आपण इथे उघडली. मग दोन्ही एक करून तारीखवार लावली. सोयीचा पडतो ना."

"तयार कोणी केली होती?"

"तुमच्याकडूनच तशी आली."

मग उलगडा झाला. पहिली फाइल डॉक्टरसाहेबांनी कार्यालयातील संगणकावर उघडली होती, वर संस्थेचे नाव यावे म्हणून. त्यांनी ते टाकले, फाइल जपून ठेवली आणि समाधानाने बंद केली. दुसऱ्या यादीच्या वेळी वीज गेली, म्हणून ती तशीच गेली. आता, आमच्या संगणकात तारखेची अमेरिकी रीत कारखान्यातूनच बसून आलेली होती: आधी महिना, मग दिवस. नवीनभाईंच्या संगणकात आपली रीत: आधी दिवस, मग महिना. आमच्याकडे ५-१२-५ म्हणजे पाचव्या महिन्यातील बारा तारीख झाली, आणि तीच कल्याणला जाऊन १२-०५-२००५ अशी छापली गेली. पाडा आणि घर यांची अदलाबदल. दुसऱ्या यादीत ती झाली नाही. आणि आता दोन्ही याद्या एकमेकींत मिसळलेल्या. ठळक अक्षरांची ही हकिकत मी डॉक्टरसाहेबांना आजवर सांगितलेली नाही. ते हा अंक दरवर्षी घेतात.

"म्हणजे कोणता सुलटा, कोणता उलटा, ते कळणार नाही," मी म्हटले.

"नंबर तर आहे ना," नवीनभाई म्हणाले. "काचेचा नंबर. तो रकाना आपण ठेवलाय. त्याच्याशिवाय आपण चष्मा कसा बनवणार?"

नवीनभाईंची यादी फ्लॉपीवर घेऊन मी बसने परतले, आणि शहापूर येईपर्यंत पुढचा प्रोग्रॅम मनात तयार होता. प्रत्येक तारखेच्या दोन किल्ल्या करायच्या, एक सुलटी, एक उलटी. दोन्ही कोठाराला द्यायच्या. कोठार दोन खण उघडेल. दोन्हींत तपासणीचा नंबर असेल. जो पुडीतील काचेच्या नंबराशी जुळेल, तो मालक. दोन्ही जुळले किंवा एकही जुळला नाही, तर ती पुडी वेगळी ठेवायची आणि प्रोग्रॅमने स्वतःचे डोके चालवायचे नाही. ही शेवटची अट मी सर्वांत आधी लिहिली. नियम कोणालाही लिहिता येतो. आपल्या नियमाला कुठे थांबायचे हे सांगता आले पाहिजे.

लिहायला ओळी थोड्या होत्या, पण त्या चालेनात. कोठारात नंबर 'अडीच' या अर्थाने २.५० असा होता आणि यादीत स्प्रेडशीटने शेवटचे शून्य खाऊन २.५ केले होते. मला ते एकच, प्रोग्रॅमला दोन वेगळे. ते सुधारले तर अधिक-उण्याची चिन्हे अडली. ती सुधारली तर वीज गेली. मी यमुनाला म्हटले, "तू गेलीस तरी चालेल." ती म्हणाली, "तुमी उठा, मंग मी उठते." ती खाली बसून पुड्या तारीखवार लावू लागली, आणि वीज आल्यावर प्रोग्रॅम एकदाचा शेवटपर्यंत गेला.

बहुतेक पुड्यांना मालक मिळाला. नव्या चिठ्ठ्यांवर आता नावही होते, आणि प्रत्येक किल्लीच्या आधी मी एक अक्षर लावले होते. अक्षर दिसले की स्प्रेडशीटला तारखेचा मोह होत नाही. बाजूला राहिल्या त्या थोड्या. त्यांपैकी दोन पुड्यांवर एकच तारीख होती: १२-०५-२००५. कोठार सांगत होते की एक सोमाबाबाची, पाचवा पाडा, बारावे घर; दुसरी बाराव्या पाड्यातील पाचव्या घरातल्या मंजुळाची. नववीतली मुलगी, फळ्यावरचे न दिसणारी. यादीत दोघांचे नंबर वेगळे होते, पण कोणती पुडी कोणत्या ओळीची, हे चिठ्ठी सांगेना. इथे प्रोग्रॅम संपत होता.

डॉक्टरसाहेब तेव्हा तपासनिसाला घेऊन बाहेरगावी शिबिरात होते. त्यांच्या तपासनिसाला मी एकदा काच ओळखताना पाहिले होते. मी पहिला चष्मा खिडकीसमोर धरला आणि काचेतून गज पाहत तो हळूच उजवीकडे सरकवला. गजही उजवीकडे आला. म्हणजे लांबचा. दुसरा धरला, उजवीकडे सरकवला. गज डावीकडे पळाला.

"हा जवळचा," मी म्हटले. "हा सोमाबाबाचा."

यमुनाने तो माझ्या हातून घेऊन स्वतः दोनदा सरकवून पाहिला. "खिडकी पळते, बाय," ती म्हणाली. माझ्या सगळ्या ओळींपेक्षा तिचा त्या गजावर अधिक विश्वास बसला, आणि तसे पाहिले तर माझाही.

बाजाराच्या दिवशी मी तिच्यासोबत गेले. तोवर मी एकही पाडा पाहिला नव्हता. माझ्यासाठी ते आकडे होते. शाळेच्या ओट्यावर यमुनाने नावे पुकारली. 'बाद' झालेले बाप्ये आले, बायकांनी त्यांना पुन्हा एकदा हसून घेतले. सोमाबाबा सर्वांत मागे बसून होता. त्याचे नाव आले तरी तो उठला नाही.

"माजी तारीख नाय आली अजून," तो म्हणाला.

"ती तारीख चुकीची होती, बाबा," मी म्हटले. "घराचा आकडा होता तो."

"मंग पयल्या येळी का नाय सांगलं?" त्याने माझ्याकडे पाहिले. मी चष्मा पुढे केला. त्याने तो चढवला, इकडेतिकडे न पाहता सरळ स्वतःच्या डाव्या हाताची बोटे डोळ्यांसमोर आणली आणि एकेक जखम तपासली. मग ओट्याच्या कडेला पडलेली बांबूची एक कामटी उचलून तिचा धागा नखाने सोलला. धागा तुटला नाही.

"ही चिठी दे," तो यमुनाला म्हणाला. जुनी, तारखेची. "नवी तू ठेव. ही माजी हाये."

काही पुड्या उरल्याच. 'बाद' ऐकून वीटभट्टीवर गेलेली माणसे त्या वर्षी परतली नाहीत, पुढे कोणी चौकशीला आले नाही. मी निवृत्त होईपर्यंत त्या पुड्या कपाटात होत्या, बरोबर नावे लावलेल्या. कपाट उघडले की त्या दिसत. त्यांच्याविषयी यापुढे काही लिहीत नाही.

तीन वर्षांनी, मे महिन्यात, दुपारच्या वेळी कार्यालयाच्या दाराशी कोणी तरी उभे असल्याचे मला जाणवले. काखेत नवे इरले, डोळ्यांवर चष्मा, एक दांडी दोऱ्याने बांधलेली. मी ओळखले, पण त्याने शहापुरात येण्याचे कारण कळेना.

"बाबा, चष्मा मोडला का?"

"नाय." त्याने कोपरीच्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेली चिठ्ठी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. १२-०५-२००५. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिले. बारा मे.

"आज तारीख," तो म्हणाला. "मी यमुनेला इचारलं व्हतं, पाच सालापावत ऱ्हातो का. ऱ्हायलो."

बसा, पाणी घ्या, असे काहीतरी मी म्हटले असावे. त्याने इरले भिंतीला टेकवले. ते माझ्यासाठी होते, हे मला तो गेल्यावर कळले. खुर्चीत न बसता तो टेबलाला धरून उभा राहिला आणि संगणकाकडे बोट दाखवले.

"आता फुडली लिव."

"पुढली काय?"

"तारीख. याच्यातूनच निघती ना?"

त्याला पुन्हा सगळे समजावून सांगावे, असे क्षणभर वाटले. पाडा, घर, माणूस, यंत्राची खोड. मग मी स्प्रेडशीट उघडली. संगणकात तारखेची आपली रीत मी केव्हाच बसवून घेतली होती. तीन वर्षांत एकही किल्ली मी अक्षराविना लिहिली नव्हती.

"कितव्या सालाची लिहू?"

"लांबची लिव, बाय."

मी लिहिले १२-५-१५, आधी अक्षर न लावता, आणि तिला तिची खोड करू दिली.